पीआरसाठी कुठला देश? आधी नवरा-बायको दोघांचे कागद टेबलावर ठेवा

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. वय २८, मुंबई युनिव्हर्सिटीचं बीई मेकॅनिकल, रबाळे एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला साडेचार वर्षं, राहायला खारघरला वडिलांच्या सिडकोच्या फ्लॅटमध्ये, हाताशी १२ लाख, बाकीचं लोन. वाशीच्या एका कन्सल्टंटने कॅनडाचा दोन वर्षांचा बिझनेस मॅनेजमेंट डिप्लोमा सुचवलाय आणि "दोन वर्षं शिका, तीन वर्षं वर्क परमिट, पीआर होऊनच जाते" असं सांगितलंय. तर पीआरसाठी, म्हणजे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, कॅनडा, जर्मनी की ऑस्ट्रेलिया, हा तुमचा प्रश्न. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की मिसेस नेरुळला एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूत स्टाफ नर्स आहेत, त्यांचं वय २६.

ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. तुमच्या सगळ्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची तीच आहे आणि कन्सल्टंटने त्याबद्दल एक शब्द विचारलेला दिसत नाही. त्यावर येतेच, पण आधी बाकीचं.

मी ठाण्यात नौपाड्याला १६ वर्षं परदेशी शिक्षणाचं काउन्सेलिंग करते. इमिग्रेशनची फाइल मी करत नाही, कॅनडाच्या पीआरसाठी पैसे घेऊन सल्ला द्यायला तिथलं आरसीआयसीचं, म्हणजे इमिग्रेशन कन्सल्टंटचं, लायसन्स लागतं किंवा तिथला वकील लागतो, ऑस्ट्रेलियासाठी मारा, म्हणजे तिथल्या मायग्रेशन एजंटांचं, रजिस्ट्रेशन असलेला माणूस बघावा. त्यामुळे मी सांगते ते दिशा ठरवण्यापुरतं धरा, फाइल भरायची वेळ आली की लायसन्सवाल्याकडेच जा आणि त्याचा नंबर सरकारी साइटवर टाकून तपासा.

आता मूळ गोष्ट. लोक विचारतात "पीआर कुठे सोपी", जणू पीआर देशाच्या दुकानात टांगलेली असते आणि आपण जाऊन घ्यायची. असं नसतं. कोर्स, मग वर्क परमिट, मग नोकरी, मग पीआर, अशी ती साखळी आहे आणि त्यातली एक कडी तुटली की पुढचं सगळं गेलं. बहुतेक घरांत चर्चा फक्त पहिल्या कडीची होते, कारण कन्सल्टंटचं काम तिथे संपतं आणि त्याचे पैसेही तिथेच मिळतात. जो तुमच्याकडून एक रुपया घेत नाही त्याला कॉलेज पैसे देतं, पहिल्या वर्षाच्या फीमधला हिस्सा. त्यात बेकायदा काही नाही, मलाही काही युनिव्हर्सिटींकडून मिळतो आणि मी तो समोरच्याला आधीच सांगते. पण जर्मनीतली सरकारी युनिव्हर्सिटी कुणाला कमिशन देत नाही, मग एखाद्या ऑफिसात गेल्यावर जर्मनीचं नाव निघालं की "ते फार कठीण असतं हो" किंवा एकदम बर्लिनच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं ब्रोशर समोर येतं, ते का, हे लक्षात ठेवा.

तुमच्या कॅनडाच्या ऑफरबद्दल स्पष्टच बोलते. १ नोव्हेंबर २०२४ नंतर स्टडी परमिटचा अर्ज केलेल्यांसाठी नियम बदललाय. कॉलेजचा डिप्लोमा असेल, म्हणजे डिग्री नसेल, तर शिक्षणानंतरचं वर्क परमिट फक्त ठरावीक विषयांनाच मिळतं, शेती, आरोग्य, सायन्स-इंजिनिअरिंग, ट्रेड्स वगैरे. जनरल बिझनेस मॅनेजमेंट त्यात नाही. म्हणजे तुमची साखळी दुसऱ्याच कडीला तुटते, दोन वर्षं शिकायचं, पैसे भरायचे आणि वर्क परमिटच नाही. गेल्या वर्षी कळव्याचं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं, मुलाचं ऑफर लेटर घेऊन, वडिलांनी व्हीआरएसच्या पैशातून डिपॉझिट भरून टाकलं होतं. आम्ही टेबलावर ते लेटर उघडलं, कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा ठरलेला नंबर, कॉलेजच्या साइटवरून काढला, ५२.०२०१, आणि कॅनडा सरकारच्या यादीत शोधला. नव्हता. वडील काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले फक्त. कोर्स बदलून घ्यायला चार महिने गेले आणि डिपॉझिटचा एक भाग परत मिळाला नाही. तर तुम्ही आज रात्रीच हे करा, ऑफर लेटरवर कोड नसेल तर कॉलेजला मेल टाकून मागा, द्यायला का-कू केली तर तेच उत्तर समजा.

२०१८-१९ला मीही मुलांना कॅनडाच सांगायचे आणि तेव्हा ते बरोबर होतं. तिथे कॉलेज करून, एक वर्ष नोकरी करून मुलांची पीआर झालेली मी डोळ्यांनी पाहिलीय, त्यातले काही दिवाळीला अजून फोन करतात. पण ते दिवस त्या वेळचे. जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा आली, पीआरचं २०२५ चं उद्दिष्ट आधी ५ लाख होतं ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं, पीआरसाठी वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण धरतात, त्यातले नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. सरकार अधूनमधून ड्रॉ काढतं, म्हणजे ठरावीक गुणांच्या वरच्यांना पीआरच्या अर्जाला बोलावतं, आणि कॅनडात काम केलेल्यांच्या ड्रॉचा हा कटऑफ २०२४-२५ मध्ये ५०० च्या वरच राहिलाय. आणि वय. जोडीदारासकट अर्ज असेल तर २९ वर्षांपर्यंत वयाचे १०० गुण मिळतात, मग दर वर्षी पाच-पाच कमी होत ३५ ला ७० उरतात. तुम्ही पुढच्या सप्टेंबरला गेलात, दोन वर्षं शिकलात, नोकरी शोधली, वर्षभर केली, की ३२ उलटलेलं असणार. अर्थात कॅनडात युनिव्हर्सिटीची मास्टर्स असेल तर गोष्ट वेगळी, तिला विषयाची अट नाही आणि कोर्स दोन वर्षांपेक्षा कमी असला तरी तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं, पण ते तुमच्या बजेटच्या बाहेर जातं आणि चांगल्या युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलला प्रवेश मिळेल की नाही ते तुमच्या मार्कांवर आहे, जे तुम्ही लिहिलेले नाहीत. फ्रेंच येणाऱ्यांना वेगळे ड्रॉ निघतात आणि त्यांचा कटऑफ बराच खाली असतो, पण शून्यातून ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारहींत त्या पातळीपर्यंत फ्रेंच आणायची म्हणजे नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षांचं काम आहे, कुणी "सहा महिन्यांत होतं" म्हणालं तर ऐकू नका.

जर्मनी. तुमच्या एकट्याच्या कागदांवर, आणि शिकायलाच जायचं असेल तर, मी जर्मनी पहिला म्हणेन, आणि त्याचं मुख्य कारण पैसा आहे. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क. अपवाद आहेत, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आणि म्युनिकची टेक्निकल युनिव्हर्सिटी आता त्याहून जास्त घेते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चाच्या राखीव खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, साधारण १२-१३ लाख, म्हणजे तुमच्याकडे आहेत त्याच्या आसपास. ते पैसे फी म्हणून जात नाहीत, दर महिन्याला तुमच्याच खर्चाला परत मिळतात. नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस, म्हणजे आपले शिक्षणाचे कागद तपासून मिळणारं, सर्टिफिकेट लागतं, त्याचा अर्ज लवकर टाका. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. तिथली डिग्री आणि तिथली नोकरी असेल तर दोन वर्षं काम, पेन्शनचे २४ हप्ते आणि बी१ जर्मन (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात), एवढ्यावर कायमच्या परवान्याला अर्ज करता येतो. ब्लू कार्ड, म्हणजे ठरावीक पगाराच्या वरच्या पदवीधरांचा कामाचा परवाना, असेल तर बी१ ला २१ महिने, ए१ ला २७ महिने. कागदावर हा रस्ता मला सगळ्यात सरळ वाटतो कारण त्यात ड्रॉ नाही, कटऑफ नाही, अटी पूर्ण केल्या की अर्ज करता येतो.

पण त्यातली कठीण कडी तिसरी, नोकरी. घोडबंदरचा एक मुलगा, तुमच्यासारखाच मेकॅनिकल, इंग्रजीतून मास्टर्स केली, मार्क उत्तम आणि जर्मन फक्त ए२. डिग्री झाल्यावर सहा महिने नुसते नकार. तो मला म्हणाला, "मॅडम, इंटरव्ह्यू इंग्रजीत सुरू होतो आणि मग मॅनेजर विचारतो की शॉप फ्लोअरवर फोरमनशी कसा बोलणार." मग त्याने बाकी सगळं सोडून बी१ केलं, बी२ चे क्लास चालू ठेवले आणि तेराव्या महिन्यात एका छोट्या गावातल्या पंप बनवणाऱ्या कंपनीत लागला. तिथे आता खूश आहे, पण ते तेरा महिने त्याने कसे काढले ते मला माहितीये, रात्री दोन-दोन वाजता मेसेज असायचे. आणि हल्ली ऑटो क्षेत्र मंदीत आहे, फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करायचं युनियनशी ठरवलंय, तेव्हा "मेकॅनिकल म्हणजे जर्मनी" हे समीकरण आता डोळे मिटून धरता येत नाही. तुमचा व्हॉल्व्हचा अनुभव मात्र ऑटोच्या बाहेरचा आहे, केमिकल, पाणी, ऊर्जा या सगळ्यांना व्हॉल्व्ह लागतातच, ही जमेची बाजू. जर्मन आत्तापासून सुरू करा, इथेच. खारघर ते रबाळे ठाणे लोकलने रोज जाता ना, तो जाता-येतानाचा वेळ कानात जर्मन घालायला पुरतो, माझे दोन विद्यार्थी याच लाइनवर ए१ शिकलेत.

ऑस्ट्रेलिया शिकायला म्हणून तुम्हाला परवडणार नाही, सरळ सांगते. इंजिनिअरिंगच्या मास्टर्सची फी वर्षाला ४०-५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात, दोन वर्षं, व्हिसाचीच फी जुलै २०२५ पासून २,००० डॉलर, शिवाय राहणं. ५० लाखांच्या पुढे जातं सगळं.

पण ऑस्ट्रेलियाला शिकायला जायची गरज आहे का, हाच प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नाही. तिथे स्किल्ड व्हिसाला भारतातूनच अर्ज करता येतो. तुमचे गुण लावून बघू. वय २५ ते ३२ ला ३०, बॅचलर डिग्रीला १५, इंग्रजी सगळ्यात वरच्या पातळीचं काढलंत तर २०, तीन वर्षांवरच्या परदेशी अनुभवाला ५. झाले ७०. किमान ६५ लागतात, पण इंजिनिअरांना किमान गुणांवर कुणी बोलवत नाही, स्पर्धा मोठी आहे. आता मिसेसचं इंग्रजी ठरलेल्या पातळीचं असेल आणि त्यांचं नर्सिंगचं स्किल असेसमेंट, म्हणजे डिग्री आणि अनुभवाची तिथल्या संस्थेकडून तपासणी, झालं तर जोडीदाराचे १० मिळतात, म्हणजे ८०. एखाद्या राज्याने रीजनलसाठी नॉमिनेट केलं, ४९१ व्हिसा, तर आणखी १५, म्हणजे ९५. रीजनल म्हणजे कुठे जंगलात नाही, सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून जवळपास सगळं त्यात येतं, अ‍ॅडलेड आणि पर्थसुद्धा. तिथे तीन वर्षं राहून काम केलं की उत्पन्नाचा पुरावा देऊन कायमच्या व्हिसाला अर्ज. या सगळ्याला ना कॉलेजची फी ना ४० लाखांचं लोन. तुमचं असेसमेंट इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करते, तुमच्या कॉलेजच्या त्या कोर्सला तुमच्या वर्षी एनबीएचं (इंजिनिअरिंगचे कोर्स तपासणारी आपली संस्था) टियर १ मानांकन नसेल तर सीडीआर म्हणून रिपोर्ट लिहावा लागतो, तीन प्रोजेक्ट स्वतःच्या शब्दांत. तो विकत घेऊ नका, कॉपी पकडली जाते आणि मग बंदी येते.

आणि आता उलटं करून बघा, जे मला खरं सांगायचंय. अर्ज मिसेसच्या नावाने आणि तुम्ही जोडीदार. नर्सची गरज या तिन्ही देशांना आहे आणि ती मंदीत थांबत नाही. ऑस्ट्रेलियाने नर्सना इंजिनिअरांपेक्षा कमी गुणांवर बोलावलंय. कॅनडात आरोग्य क्षेत्राचे वेगळे ड्रॉ निघतात आणि त्यात भारतातला अनुभवही चालतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे नर्सच्या नोंदणीला एनक्लेक्स परीक्षा आहे, ऑस्ट्रेलियात त्यानंतर प्रात्यक्षिक परीक्षाही असते, म्हणजे एका परीक्षेचा अभ्यास दोन देशांना उपयोगी. जर्मनीत तर शिकायला जायचीही गरज नाही, इथली नर्सिंगची पदवी तिथे मान्य करून घ्यायची, काही कमी पडत असेल तर तिथल्या हॉस्पिटलमध्ये काम करता करता ते भरून काढायचं किंवा परीक्षा द्यायची, भाषा साधारण बी२ लागते. केरळच्या मुली हे काही वर्षं सरकारी योजनेतून करतायत, आपल्याकडे नर्सिंगच्या मुलींना हे कुणी सांगतच नाही. मिसेस नर्स म्हणून तिथे लागल्या आणि तुम्ही जोडीदार म्हणून गेलात तर तुमच्या कामावर बंधन नसतं, तिथे बसून जर्मन पक्कं करून नोकरी शोधा, घरात एक पगार चालू असताना. १८ महिन्यांचं घड्याळ डोक्यावर टिकटिकत नाही. फक्त एक, जर्मनीला नेणाऱ्या एजंटने नर्सकडूनच पैसे मागितले तर उठून या. तिथे न्याय्य भरतीचं सरकारी मानचिन्ह आहे आणि त्याचा नियमच असा की भरतीचा खर्च हॉस्पिटलने करायचा.

हे लिहिताना मला एक गोष्ट खटकते ती बोलून टाकते. इतक्या वर्षांत शेकडो जोडपी समोरच्या खुर्च्यांवर बसली, जवळजवळ प्रत्येक वेळी फाइल नवऱ्याची असते आणि बायको पर्स मांडीवर घेऊन ऐकत असते. तिची डिग्री मी विचारली की दोघंही दचकतात. किती तरी वेळा तिचा कागद जास्त वजनाचा निघालाय. पण त्याचबरोबर हेही, की तुमच्या मिसेसना जायचंय का? आयसीयूतल्या नर्सला नवीन देशात, नव्या भाषेत, पुन्हा परीक्षा देऊन सुरुवात करायची म्हणजे खूप मोठी गोष्ट आहे, रात्रपाळ्या तिथेही असतातच. तुमची पीआर व्हावी म्हणून त्यांनी हे करायचं असं होऊ नये. हे बोलणं घरी आधी करा, आई-वडिलांसमोर नाही, दोघंच.

लोनबद्दल. ३० लाखांचं लोन १०.५ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ४० हजारांच्या थोडा वर जातो, आणि शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं. मी प्रत्येकाला एक हिशोब करायला लावते: पीआर झाली नाही, तीन वर्षांनी खारघरला परत आलात, इथे तुमच्या लाइनला जो पगार मिळेल त्यात हा हप्ता बसतो का? बसत नसेल तर तेवढं लोन घेऊ नका, देश कुठलाही असो. आणि फ्लॅट सिडकोच्या लीजच्या जमिनीवर असेल तर तारण ठेवायला सिडकोची एनओसी लागते, ट्रान्सफरचे जुने कागद अपुरे असतील तर त्यात महिने जातात, हे बँकवाला सँक्शनच्या वेळी सांगतो तेव्हा इनटेक, म्हणजे कॉलेजची प्रवेशाची वेळ, निघून गेलेला असतो. शिवाय वडील रिटायर्ड आहेत ना? मग त्यांचं राहतं घर तारण ठेवण्याआधी मी दहा वेळा विचार करीन. जर्मनीच्या रस्त्याला किंवा मिसेसच्या रस्त्याला त्या घराला हात लावावा लागत नाही, तुमच्या बाबतीत माझ्या मनात हेच कारण सगळ्यात वरचं आहे.

अमेरिका आणि यूके तुम्ही विचारलेलं नाही ते बरंच केलंत. अमेरिकेत एच-१बी लॉटरी आहे आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे, यूकेत शिक्षणानंतर कामाला मिळणारी दोन वर्षं जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड होणार आणि स्किल्ड वर्करला पगाराची अट ४१,७०० पाउंडांवर गेलीय. शिकायला उत्तम देश आहेत दोन्ही, पण डोळ्यांपुढे पीआर ठेवून ३० लाख कर्ज काढणाऱ्याला मी तिथे पाठवणार नाही.

आता पुढे जायचं तर मला चार गोष्टी लागतील. मिसेसचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, आहे की बीएस्सी नर्सिंग, कारण ऑस्ट्रेलिया-कॅनडाचं बरंच त्यावर ठरतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कधीचं आणि चालू आहे का. आयसीयूतला अनुभव किती महिन्यांचा आणि त्याचं लेटर हॉस्पिटल देईल का. आणि तुमच्या बीईच्या वर्षी कॉलेजला एनबीए होतं का, मार्क किती, केटी किती. एवढं लिहा, मग जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात कुठला रस्ता आधी धरायचा ते नीट सांगता येईल. आणि कन्सल्टंटने डिपॉझिटची शेवटची तारीख कुठलीही सांगितली असू दे, सीआयपी कोड यादीत स्वतः बघितल्याशिवाय एक डॉलर भरू नका.